काठावरचा माणूस



आपल्या गावाच्या नावातच सडक आहे. शेजारच्या तालुक्यात मोरगावची अर्जुनी आहे. तिच्याहून ही निराळी ओळखू यावी म्हणून लोकांनी हिच्या नावाआधी सडक जोडली. नागपुराहून रायपुराकडे जाणारी ती थोरली सडक आज मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग झाली आहे. या रस्त्याने पश्चिमेस निघालो तरी समुद्र शेकडो मैल दूर, आणि पूर्वेस निघालो तरी तो शेकडो मैल दूरच. तेव्हा उन्हाळ्यात पोहावयास जाणाऱ्याने जीव कसा सांभाळावा, हा विषय घेऊन कोणी येथे उभा राहिला, तर ‘हे मुंबईस जाऊन सांगा, मालवणास जाऊन सांगा’ असे एखाद्यास वाटणे स्वाभाविक आहे.

पण थोडा विचार केला, तर हा विषय आपल्याच अंगणातला आहे असे दिसून येईल. आपला मुलूख तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून जुन्या मालगुजारी तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात जाते. बोड्यांची गणती निराळीच. वैशाखाचे ऊन डोक्यावर आले, शाळांना सुट्टी लागली, की गावोगावची पोरे दिवसभर पाण्यात असतात. आणि असा एकही उन्हाळा जात नाही की वर्तमानपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात, अमुक गावच्या तलावात दोन मुले बुडाली, ही बातमी आपण वाचत नाही. बातमी चार ओळींची असते. घरच्या माणसांचे दुःख जन्माचे असते. शिवाय आता दळणवळण वाढले आहे. आपल्याकडची मंडळी जगन्नाथपुरीस जातात, शाळा-महाविद्यालयांच्या सहली कोकणात जातात, तरुण मुले गोव्यास जातात. तलावात पोहावयास शिकलेला गडी समुद्राच्या काठी उभा राहतो आणि पाणी म्हणजे पाणीच, असे समजून आत शिरतो. तेव्हा हा विषय येथेच मांडण्याजोगा आहे.

पोहण्याचा इतिहास सांगू लागलो म्हणजे आपली दृष्टी पाण्यातल्या माणसाकडे जाते. कोणी खाडी ओलांडली, कोणी पूर आलेल्या नदीत उडी टाकली, याची वर्णने आपण आवडीने ऐकतो. आज मला दुसऱ्या एका माणसाचा इतिहास सांगावयाचा आहे. तो पाण्यात नसतो, काठावर असतो. त्याचे नाव सहसा कोठे लिहिले जात नाही. तरीही माणूस पाण्यातून जिवंत परत आला याचे कारण शोधू लागलो, तर बहुधा त्याच्यापाशीच येऊन थांबावे लागते.

आपल्याकडील जुन्या ग्रंथांपासून आरंभ करू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नानासंबंधी काही निषेध आहेत. जेवणानंतर स्नान करू नये, आजारी असताना करू नये, मध्यरात्री करू नये, आणि ज्याची माहिती नाही अशा जलाशयात करू नये. त्याच अध्यायात दुसऱ्या ठिकाणी, नुसत्या बाहूंनी नदी तरून जाऊ नये, असेही सांगितले आहे. अनोळखी पाण्यात उतरू नका, हा जगातील प्रत्येक जीवरक्षक आज पहिला सांगतो तो नियम किती जुना आहे, ते यावरून कळावे. परंतु याच ग्रंथाचे महाडास २५ डिसेंबर १९२७ रोजी दहन झाले, हेही येथेच सांगितले पाहिजे. कारण त्याचा आजच्या विषयाशी निकटचा संबंध आहे. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जलाशयाची माहिती करून घ्या, असे ग्रंथ सांगतो. पण ज्यांना जलाशयाच्या पायरीवरच उभे राहू दिले नाही, त्यांनी ती माहिती कशी करून घ्यावी? पोहणे हे घरात बसून येत नाही. ते पाण्याजवळ वाढलेल्यास येते. ज्यास पाण्यापासून दूर ठेवले, त्यास पोहण्यापासूनही दूर ठेवले. या सूत्राकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

आता आपल्या तलावांकडे वळू. या मुलखातील तलाव मुख्यत्वे कोहळी समाजाच्या कर्तबगारीतून झाले. जो जंगल तोडून गाव वसवील त्यास गाव, आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असे गोंड राजांचे धोरण होते, अशी परंपरा आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुमारास बांधला असे मानतात, आणि त्यांनाच कोलासूर देव म्हणून लोक आजही हात जोडतात. तलाव बांधणाऱ्याचा देव व्हावा, यातच या मुलखाचे आणि पाण्याचे नाते आले. टेकड्यांच्या खिंडीत मातीची पाळ घालायची, जादा पाणी वाहून जावे म्हणून एका बाजूस सलंग ठेवायची, आणि धानाच्या बांध्यांना पाणी सोडण्यासाठी पाळीच्या पोटात तुडुम बसवायचे, ही त्यांची रचना आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

या रचनेत माणसांचीही एक रचना होती. तुडुम केव्हा उघडावयाचे, कोणाच्या बांधीत किती पाणी जावयाचे, हे पाणकर पाही. ढीवर रोज पहाटे जाळे घेऊन पाण्यात असे. कोठे तळ खचला, कोठे गवत माजले, कोठे गाळात पाय रुततो, हे त्याच्या पायांना पाठ असे. घाटावर धुणे धुणाऱ्या बाया असत, पाळीवर गुराखी असे. यांपैकी कोणासही ‘पोरांवर लक्ष ठेव’ म्हणून नेमलेले नव्हते. परंतु कामाच्या निमित्ताने प्रत्येकाचे डोळे पाण्यावर असत. एखादा पोरगा तुडुमाच्या बाजूस सरकू लागला, तर कोणीतरी हटकत असे. कारण तुडुम उघडे असताना त्याच्या तोंडाशी पाणी ओढ घेते, हे काठावरच्या म्हाताऱ्यास ठाऊक असे. पोहावयास शिकवणे हेही असेच, घरातले किंवा शेजारचे वडील माणूस करी. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि पोराला उथळ पाण्यात सोडायचे, इतकीच साधने. पण शिकवणारा हात मात्र जवळ असे.

त्या काळी कोणी बुडतच नसे, असे मला म्हणावयाचे नाही. बुडत असत, आणि त्यांची नोंदही होत नसे. गतकाळाला सोनेरी मुलामा देण्यात अर्थ नाही. सांगावयाचे ते इतकेच की त्या व्यवस्थेत पाण्याची माहिती आणि पाण्यावरची नजर या दोन गोष्टी कामातून आपोआप तयार होत असत.

पुढे काळ बदलला. त्या वेळच्या मध्यप्रदेश राज्याने १९५० साली मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा केला आणि १९५१ पासून तो अमलात आला. जमीनदारी गेली, हे योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आले. मालकी बदलली, पण पाळीवरची माणसे हळूहळू पाळीवरून उठली. शेतास विहिरीचे, नळकूपाचे व कालव्याचे पाणी मिळू लागले, घरी नळ आले, घाटावरची वर्दळ ओसरली. मच्छीमार सहकारी संस्था आजही अनेक तलावांत मासेमारी करतात, परंतु दुपारच्या वेळी जेव्हा पोरे पाण्यात असतात, तेव्हा पाळ बहुधा रिकामी असते.

दुसरीकडे, ज्यांची कोणासच ओळख नाही अशी नवी पाणवठ्याची ठिकाणे निर्माण झाली. रस्त्यांसाठी मुरूम काढलेल्या खदानी, विटाभट्ट्यांचे खड्डे, नदीतून रेती उपसल्यामुळे झालेले डोह, सिमेंटचे गुळगुळीत कालवे. तलावाचा काठ उतरता असतो. पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंत, कमरेपासून छातीपर्यंत चढत जाते आणि माणसास सावध होण्यास अवसर मिळतो. खदानीस काठच नसतो. पहिले पाऊल खडकावर आणि दुसरे दोन पुरुष पाण्यात. कालव्याची बाजू इतकी निसरडी की पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर चढता येत नाही. खुद्द तलावांचाही तळ पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. ती चांगली आहे. साठा वाढतो, शेतास सुपीक माती मिळते. पण यंत्राने जेथे गाळ उपसला तेथे तळ एकसारखा उतरत नाही, मध्येच पायरी तुटल्यासारखा खोल जातो. गतवर्षी जेथे कमरेइतके पाणी होते, तेथे यंदा ते डोक्यावरून जाईल. म्हणजे आपल्याच गावचा तलाव आपल्याला अनोळखी जलाशय झालेला असतो.

आपण क्षणभर युरोपात जाऊ. कारण काठावरचा माणूस ही एक सार्वजनिक संस्था होऊ शकते, हे प्रथम तेथे दिसले. हॉलंडमधील ॲमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर. तेथे इ. स. १७६७ मध्ये काही नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. तोपर्यंत पाण्यातून निश्चेष्ट काढलेला माणूस मेलाच, असे लोक धरून चालत. हे नागरिक म्हणाले, प्रयत्न केल्यावाचून मेला असे म्हणू नका. १७७४ साली लंडनमध्ये विल्यम हॉस आणि टॉमस कोगन या दोन वैद्यांनी तसलीच संस्था काढली. त्यांच्या कित्येक उपायांना आज आपण हसू. बुडालेल्यास पिंपावर पालथा घालून लोळवीत, त्याच्या पोटात तंबाखूचा धूर भरीत. परंतु त्यांचा मूळ विचार खरा होता, आणि त्या विचारामागे शास्त्र दोनशे वर्षे चालत राहिले. १८५८ च्या सुमारास सिल्व्हेस्टरची, १९०३ मध्ये शेफरची, १९३२ मध्ये होल्गर नील्सनची, अशा कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या पद्धती एकीमागून एक आल्या. १९५० नंतरच्या दशकात पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी तोंडाने तोंडात श्वास भरणे हेच सर्वांत परिणामकारक, असे सिद्ध केले. आणि १९६० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. आज जगभर जी पद्धत शिकवितात ती या दोहोंच्या मेळातून झालेली आहे. ती करणारा मनुष्य काठावरचाच असतो, हे लक्षात घ्या. दवाखाना दूर असतो. मेंदूला मात्र प्राणवायूवाचून काही मिनिटेच तग धरता येते.

आता पराक्रमी पोहणाऱ्यांचेच उदाहरण घेऊ. कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्याच्या सोबत होड्या होत्या, त्यांवरून त्याला खाणेपिणे मिळत होते, प्रवाहाची माहिती असणारी माणसे होती. हाच वेब १८८३ च्या जुलैत नायगाराच्या खालील भोवऱ्यांत एकटा उतरला आणि तेथेच गेला. बाहूंचे बळ दोन्ही वेळा त्याच्यापाशी होते; सोबत मात्र एकाच वेळी होती. आपल्या आरती साहा यांचीही कथा अशीच बोलकी आहे. २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्या खाडीत उतरणार होत्या, पण सोबतची मार्गदर्शक होडीच वेळेवर पोचली नाही. निघण्यास उशीर झाला, पुढे प्रवाह उलटला, आणि इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना त्यांना थांबावे लागले. २९ सप्टेंबरला, सर्व बेत नीट जुळल्यावर, त्यांनी तीच खाडी १६ तास २० मिनिटांत पार केली आणि हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. अशा कसलेल्या जलतरणपटूंना जर सोबत लागते, तर आठवीतल्या पोरास ती लागू नये काय?

समुद्राकडे वळू. आपल्या मंडळींस सर्वांत परिचित समुद्र म्हणजे पुरीचा महोदधी. तेथील वाळूत नुलिया नावाचे कोळी उभे असतात, डोक्यावर उंच टोकदार टोपी, अंगावर जुजबी वस्त्र. यात्रेकरूचा हात धरून ते त्याला लाटेत नेतात, लाट आली की डोके खाली घालावयास सांगतात आणि धरून परत आणतात. कित्येक पिढ्या त्यांनी हा व्यवसाय केला आहे. त्यांना दिलेली दक्षिणा वाया गेली असे कोणी समजू नये. देवदर्शनाइतकेच ते स्नान सुखरूप पार पडणे अगत्याचे असते.

ऑस्ट्रेलियात हीच गोष्ट संघटित स्वरूपात घडली. सिडनीच्या परिसरातील किनाऱ्यांवर विसाव्या शतकाच्या आरंभी लोक मोठ्या संख्येने समुद्रस्नानास येऊ लागले, तसे बुडण्याचे प्रकारही वाढले. तेव्हा १९०७ मध्ये तेथील स्नानमंडळांनी एकत्र येऊन संघ स्थापला. त्यांचे मुख्य साधन होते एक मोठे रीळ आणि त्यावर गुंडाळलेला लांब दोर. एक जवान कमरेस पट्टा बांधून पाण्यात जाई आणि बाकीचे काठावर दोर धरून उभे राहत. ६ फेब्रुवारी १९३८ रोजी बाँडायच्या किनाऱ्यावर एकामागून एक आलेल्या प्रचंड लाटांनी सुमारे २५० माणसे आत ओढून नेली. त्या दिवशी काठावर जीवरक्षकांची मोठी तुकडी हजर होती. पाच माणसे दगावली. बाकीची सर्व परत आली. त्या तुकडीवाचून काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

याच्या शेजारी आपल्या महाराष्ट्रातील एक दिवस ठेवून पाहावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १४ जण रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे समुद्रात बुडाले. ना पावसाळा, ना वादळ. फेब्रुवारीतील साधा दिवस. गोव्याने २००८ पासून आपल्या किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले आहेत, तांबडी निशाणे लावली आहेत. जेथे अशी व्यवस्था आहे तेथेच, आणि तिच्या नजरेसमोरच पाण्यात उतरावे, हा धडा त्या १४ मुलांनी आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.

आता तलावात पोहणाऱ्याने समुद्र ओळखावा कसा, ते सांगतो. तलावाचे पाणी स्थिर असते. समुद्राचे पाणी चालते. लाटांनी काठाशी आणून टाकलेले पाणी परत जाण्यास वाट शोधते आणि एखाद्या खोलगट पट्ट्यातून वेगाने आत जाते. या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून तो शांत दिसतो. तलावाच्या मुलखातील मनुष्यास शांत पाणी सुरक्षित वाटते, आणि नेमका तो तेथेच उतरतो! अशा ओढीत सापडल्यास काठाच्या दिशेने हात मारीत राहणे म्हणजे दम घालविणे होय. पाण्याशी झुंजू नये. अंग सैल सोडून तरंगावे, काठाला समांतर असे डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे, ओढ संपली की मग लाटांबरोबर बाहेर यावे, आणि हात वर करून मदत मागावी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. कोकणातील मच्छीमार यासाठी साधे गणित करतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हे ढोबळ गणित आहे, आणि स्थानिक माणसास विचारणे त्याहून चांगले. परंतु विचारावयाचे असते, एवढे तरी त्यावरून कळते. पाणी ओसरत असताना आत जाणारा मनुष्य उताराच्या बाजूने चालत असतो.

तिसरी गोष्ट तलाव आणि समुद्र दोहोंस लागू आहे. बुडणारा मनुष्य ओरडत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर फ्रँक पिया नावाच्या जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास बुडणाऱ्यांची चित्रफीत घेऊन हे दाखवून दिले. ज्यास श्वासच घेता येत नाही, त्यास हाक कोठून मारता येणार? तो उभ्या स्थितीत असतो, तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते, हात दोन्ही बाजूंस पाणी दाबीत असतात. आणि २० ते ६० सेकंदांत तो खाली जातो. ‘पोरे खेळत आहेत’ असे काठावरून वाटत असतानाच हे घडते. म्हणून पाण्यातील मुलांवर नजर ठेवणाऱ्याने त्या वेळी गप्पा मारू नयेत, हातात मोबाइल घेऊ नये आणि दारू तर शिवूच नये.

आणि समजा, कोणी बुडताना दिसलाच, तर? आपल्याकडे पहिल्यास वाचविण्यासाठी दुसरा उडी घेतो, दुसऱ्यासाठी तिसरा. आणि एका घरावरचे संकट तीन घरांवर जाते. माया खरी असते, पण रीत चुकते. बुडणारा मनुष्य हाताशी येईल त्यास मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून बांबू पुढे करावा, दोर फेकावा, रिकामा डबा किंवा गाडीची हवा भरलेली ट्यूब फेकावी, दुपट्टा फेकावा. २०२० च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतील पेरंबलूर जिल्ह्यात कोट्टराई बंधाऱ्यावर चार तरुण बुडू लागले, तेव्हा तेथे असलेल्या तीन बायांनी अंगावरची लुगडी सोडून त्यांच्याकडे फेकली आणि दोघांना ओढून काढले. उरलेले दोघे वाचू शकले नाहीत. पण त्या तिघी जर पाण्यात धावल्या असत्या, तर मृतांचा आकडा किती झाला असता? त्यांनी केले ते जगातील कोणत्याही जीवरक्षण शाळेत शिकवितात तेच होते.

बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून किंवा त्यास उलटा टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. तो श्वास घेत नसेल, तर उताणा निजवून, मान किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यभागी जोराने, भराभर ३० वेळा दाबावे, पुन्हा दोन श्वास द्यावेत, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. हे ऐकून येत नाही, हाताने करून शिकावे लागते. प्रत्येक गावात निदान चार माणसांस ते यावे.

मघाचे सूत्र आता पुन्हा हाती घेतो. पोहणे कोणास येते आणि कोणास येत नाही, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. जातीच्या भेदाने काहींना पाण्यापासून दूर ठेवले, आणि लज्जेच्या कल्पनेने स्त्रियांना. ज्या बायांचे निम्मे आयुष्य घाटावर गेले, त्यांस कमरेच्या वर पाणी आले की काही करता येत नाही, अशी स्थिती आपण निर्माण केली. मुलगा तलावावर जाऊन आपोआप शिकतो. मुलीस ‘तिकडे जाऊ नको’ म्हणून सांगितले जाते, आणि धुणे घेऊन मात्र तिलाच पाठविले जाते. शिकवावयाचे तर दोघांस शिकविले पाहिजे आणि सर्व मोहल्ल्यांतील मुलांस शिकविले पाहिजे.

हे खर्चाचे काम आहे, असे कोणी म्हणेल. त्याला बांगलादेशाचे उदाहरण पुरेसे आहे. तो देशही आपल्यासारखाच पाण्याचा आणि गरिबीचा. तेथे गावच्या तळ्यातच बांबूचा मांडव व खाली बांबूची फळी बांधून मुलांना पोहावयास शिकवितात. अगदी लहान मुलांसाठी ‘आँचल’ नावाची सांभाळघरे चालवितात. सकाळी ९ ते दुपारी १, ज्या वेळी आया कामात असतात त्याच वेळी, गावातील एक बाई त्यांच्यावर नजर ठेवते. या दोन साध्या उपायांनी तेथील मुलांचे बुडून होणारे मृत्यू पुष्कळ घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतील जवळजवळ पाव भाग ५ वर्षांखालील बालके होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी नेमून दिला. आपण मात्र जुलैची वाट पाहू नये. आपला धोका चैत्र-वैशाखातच सुरू होतो.

बांबू आपल्या जंगलात आहे. तलाव दारात आहे. तलावाचा तळ ओळखणारे ढीवर बांधव गावात आहेत. त्यांच्या सहकारी संस्थेस ग्रामपंचायतीने मानधन देऊन उन्हाळ्याचे दोन महिने दुपारी १२ ते ५ पाळीवर एक माणूस ठेवावा, आणि त्याच्याकडूनच पोरांस, पोरींस पोहणे शिकवून घ्यावे. गाळ उपसला असेल तेथे बांबू रोवून तांबडे फडके बांधावे. घाटावर एक लांब दोर, एक लांब बांबू आणि दोराला बांधलेला एक रिकामा डबा कायम टांगलेला असावा, आणि तो कोणी घरी नेऊ नये. खदानीच्या तोंडाशी काटेरी कुंपण असावे. सहल समुद्रावर जाणार असेल, तर पालकांनी शिक्षकांस एकच प्रश्न विचारावा : मुले पाण्यात असताना काठावर कोण उभे राहणार?

कोलू पाटलांनी तलाव बांधला म्हणून लोकांनी त्यांना देव केले. या माणसास कोणी देव करणार नाही. सुट्टी संपून शाळा उघडेल, हजेरी घेतली जाईल, प्रत्येक नावाला ‘हजर’ म्हणून उत्तर येईल, आणि त्यामागे कोण होता हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. यंदा आपल्या गावच्या पाळीवर तो कोण असणार, हे आपण घरी जाण्यापूर्वी एकमेकांत ठरवावे, एवढी विनंती करून आपला निरोप घेतो.